हत्ती उजवा, अस्वल डावं? तो मेसेज पुढे पाठवायच्या आधी हे वाचा

दोन दिवसांत तीन ग्रुपवर तोच मेसेज आलाय, हत्तीच्या फोटोवर पिवळी अक्षरं. म्हणणं थोडक्यात असं, की निसर्गाने प्रत्येक प्राण्याची एक बाजू ठरवून दिलीय, हत्ती उजव्या सोंडेचा नि उजव्या सुळ्याचा, ध्रुवीय अस्वल डावखुरं, पोपट डाव्या पायाचा, माणूस उजव्या हाताचा, आणि म्हणून पोरगं डाव्या हाताने लिहायला लागलं तर ते निसर्गाच्या विरुद्ध, सवय लवकर मोडा. शेवटचं वाक्य नसतं तर मी सोडून दिलं असतं. पण माझी भाची पाच वर्षांची आहे, डावखुरी आहे, आणि आमच्या फॅमिली ग्रुपवर काकांनी हाच मेसेज टाकून खाली ताईला लिहिलं, "बघ, मी सांगत होतो." काका, राग मानू नका, पण एकेक मुद्दा बघूया.

"हत्ती उजव्या सोंडेचा." नाही. गडचिरोलीत कमलापूरच्या हत्ती कॅम्पला गेले होते तेव्हा एक हत्तीण चरत होती, मी बराच वेळ नुसती तिच्याकडे बघत उभी होते. सोंडेचं टोक गवताच्या जुडीभोवती गुंडाळायचं, पुढच्या पायाने बुडाशी ठोकर द्यायची, मग हिसका, मग माती झडावी म्हणून जुडी पायावर आपटायची आणि तोंडात. वेढा जवळपास प्रत्येक वेळी डावीकडूनच. तिच्या पलीकडचा हत्ती हेच काम उजवीकडून करत होता. ही काही माझ्या एकटीची नजर नाही, श्रीलंकेच्या जंगलातल्या हत्तींवर २००३ साली संशोधन छापून आलंय, त्यात डाव्या सोंडेचे आणि उजव्या सोंडेचे असे दोन्ही सापडले. बर्लिनच्या संशोधकांनी २०२३ मध्ये सोंडेवरचे राठ केस तपासले, तर जी बाजू जमिनीला जास्त घासते तिकडचे केस झिजून आखूड झालेले. म्हणजे सवय अंगावर दिसते.

सुळ्याचंही तेच. ज्या सुळ्याने हत्ती साल सोलतो, माती उकरतो, तो झिजून आखूड आणि टोकाला बोथट होतो, कुणाचा उजवा, कुणाचा डावा. शिवाय आपल्या आशियाई हत्तींत माद्यांना मोठे सुळे नसतातच, आणि काही नरही बिनसुळ्याचे असतात, ज्यांना मखना म्हणतात. मग "सगळे हत्ती उजव्या सुळ्याचे" हे कुठून आलं?

प्रत्येक हत्तीला स्वतःची बाजू आहे, पण हत्ती या जातीला मिळून एक बाजू नाही. मेसेज लिहिणाऱ्याने या दोन गोष्टींची सरमिसळ केलीय आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

मेसेजमध्ये उजव्या सोंडेच्या गणपतीचा दाखलाही आहे. सिद्धटेकचा आणि प्रभादेवीचा सिद्धिविनायक उजव्या सोंडेचे आहेत, खरंय, मी दोन्हीकडे जाते. पण घराघरांत बसते ती मूर्ती बहुतेक वेळा डाव्या सोंडेची. मूर्तीचं शास्त्र वेगळं आणि जंगलातल्या जनावराच्या सवयी वेगळ्या, एकाचा पुरावा दुसऱ्याला लावू नये.

"ध्रुवीय अस्वलं सगळी डावखुरी." ही जुनी ऐकीव गोष्ट आहे, तिला पुरावा नाही. एवढंच.

पोपटाच्या बाबतीत मात्र मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे, ते मान्य करायला हवं. ऑस्ट्रेलियातले पिवळ्या तुऱ्याचे काकाकुवे खाणं बहुतेक डाव्या पायात धरतात. पण बहुतेक, सगळे नाही, आणि पोपटांच्या सगळ्या जाती तशा नाहीत, काहींत उजवे जास्त. कांगारूंचंही तसंच, लाल आणि करडे कांगारू खायला, अंग साफ करायला डावा हात जास्त वापरतात, हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालंय. आणि मांजरं तर बघाच, बेलफास्टमध्ये ४२ मांजरांना अरुंद बरणीत ट्यूना मासा ठेवून दिला, २१ माद्यांपैकी २० जणी उजवा पंजा घालत होत्या आणि २१ बोक्यांपैकी २० डावा! आता सांगा, मांजर या जातीची बाजू कुठली?

राहिला माणूस. दहातले साधारण नऊ उजवे, एक डावा, आणि हे आजचं नाही. नियांडरथल, म्हणजे हजारो वर्षांपूर्वी लोप पावलेली आदिमानवाची एक जात, ही माणसं मांस किंवा कातडं पुढच्या दातांत धरून दगडी पात्याने कापायची, पातं निसटलं की दातावर ओरखडा उठायचा, त्या ओरखड्याच्या तिरकेपणावरून कळतं की हात कुठला. बहुतेक उजवे, थोडे डावे. तेव्हा कोणाची सवय मोडायला काका नव्हते आणि तरी डावे होतेच, आजही आहेत. इतकी वर्षं जो निसर्गात टिकून आहे तो निसर्गाच्या विरुद्ध कसा असेल?

आणि "सवय" हा शब्दच चुकीचा आहे. पोटातल्या बाळाचं सोनोग्राफीत बघतात ना, तिथे कुठला अंगठा चोखतं ते नोंदवून तीच ७५ मुलं मोठी झाल्यावर पुन्हा तपासली, तर उजवा अंगठा चोखणारी ६० च्या ६० उजवी निघाली आणि डावा चोखणाऱ्या १५ पैकी १० डावी. पेन्सिल हातात यायच्या कितीतरी आधीची गोष्ट आहे ही, ती पट्टीच्या फटक्याने बदलायची नसते. भाचीच्या डाव्या हातावर पट्टी बसली होती, तिने मला रडत दाखवलं होतं, ते मी विसरलेली नाही.

ताईने आता वही थोडी उजवीकडे तिरकी करून दिलीय, टेबल लॅम्प डावीकडून उजवीकडे हलवलाय म्हणजे हाताची सावली अक्षरावर पडत नाही. आधी शिरोरेघ ओढताना मनगट अक्षरांवरून जायचं आणि सगळं काळं व्हायचं, ते बरंच कमी झालंय. काल भाचीने पहिल्यांदा स्वतःचं नाव पूर्ण लिहिलं. काका, तो फोटो ग्रुपवर टाकलाय, बघा.