हवाईच्या सरदाराची वंशावळ मांडताय? मग हे वाचाच

आमच्या वाचनालयात हवाई बेटांवर वीस मिनिटं बोलायचं कबूल करून बसले आणि तीन रात्री उमी-आ-लिलोआ या हवाई बेटाच्या जुन्या राजाचं घराणं कागदावर उतरवण्यात घालवल्या. हौशी मंडळींनी बनवलेल्या डझनभर वंशावळी पाहिल्या. त्यातून मिळालेलं ज्ञान एकटीपाशी ठेवणं बरं नव्हे.

आधी जन्मतारीख टाका. दिवस, महिना, सगळं. हवाईत लिहिणं आलं 1820 मध्ये मिशनरी उतरल्यावर. तोवर वंशावळी तोंडपाठ असायच्या. मग अभ्यासकांनी पिढ्या मोजून काळ काढला, कुणी पिढीला 30 वर्षं धरून, कुणी 20. उमीपासून कामेहामेहापर्यंत (सगळी बेटं एका राज्याखाली आणणारा राजा) नऊ पिढ्या, म्हणजे 90 वर्षांचा फरक. पण तुमचा उमी 1 जानेवारीलाच जन्मला. आपल्या शाळांतली निम्मी मुलं जशी 1 जूनला जन्मतात, तसा.

आडनावाचा रकाना भरा. ‘आ-लिलोआ’ म्हणजे लिलोआचा मुलगा ना? मग तेच आडनाव. बापही ‘लिलोआ आ-लिलोआ’. आजोबा किहा असेनात का.

मुलाला दोन बाप दिसले तर नाणेफेक करा. (तिथं दोन्ही बाप उघड मान्य असायचे, त्याला पोओलुआ म्हणत. पण वाचतंय कोण!)

बहीण आणि बायको एकच दिसली तर चूक समजून एक नोंद खोडा. कापुकिनी ही लिलोआची मुलगी, उमीची सावत्र बहीण आणि बायको. उमीची आई हलक्या कुळातली. मुलांचा दर्जा सावरायला हे लग्न झालं. तुम्ही खोडलंत की नऊ पिढ्यांचा पायाच गेला. जाऊ द्या, तक्ता सुटसुटीत दिसतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, उमीच्या आईच्या जागी ‘अज्ञात’ लिहा. तीन वंशावळींत हेच पाहिलं. अहो, अज्ञात कशी? राजा लिलोआ तिला हवाई बेटाच्या हामाकुआ भागात ओढ्याकाठी भेटला. मुलगा झाला तर नाव उमी ठेव म्हणाला आणि खूण म्हणून स्वतःचं लंगोटवस्त्र, देवमाशाच्या दाताचं पदक आणि सोटा तिच्या हवाली करून स्वतः पानं गुंडाळून परतला. लोकांना वाटलं, राजाला वेड लागलं. त्या वस्तू तिनं वर्षानुवर्षं जपल्या, पोराला सगळं समजावून वाइपिओला, बापाच्या वाड्यावर धाडलं. दारातून न जाता कुंपणावरून चढ आणि थेट बापाच्या मांडीवर बस, हेही तिनंच सांगितलं. दुसरं कुणी तसं बसतं तर जीव गेला असता. लिलोआची उच्चकुलीन बायको पिनेआ, तिचा मुलगा हाकाऊ गादीवर बसला, त्यानं सगळ्यांना छळलं आणि शेवटी उमीच्या माणसांकडून मेला. वरच्या मानाचा तो का आणि खालच्या मानाचा हा का, हे फक्त दोन आयांवरून कळतं! पुढे याच वंशात केआकामाहाना आणि तिची मुलगी केआकेआलानी या दोघी स्वतः राज्यावर बसल्या. एका महाभागानं त्यांच्यापुढे ‘पुरुष’ अशी नोंद केली आहे.

पुरे झाला सल्ला. आळशी आहात तुम्ही. जिथं माणसाचा दर्जा आईवरूनही ठरायचा, तिथल्या आया पुसून बापांची उतरंड रचता आणि वर तिला इतिहास म्हणता. एकानं चढवलेली चूक पुढचे दहा जण न वाचता उचलतात. उमीच्या आईचं नाव आकाही-आ-कुलेआना. नीट लिहायचं नसेल तर त्या घराला हातच लावू नका.