हळद, मॅक्रोफेज आणि १० मायक्रोमोलरचा प्रश्न

नमस्कार. मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या आणि दाह सुरू करणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी. त्यांच्यावर हळदीचा काय परिणाम होतो, या माझ्या लेखावरची तुमची खरमरीत प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सांगलीत बसून हळदीला कमी लेखणं शोभत नाही, हळदीतलं पिवळं द्रव्य कर्क्युमिन दाह कमी करतं हे सिद्ध झालंय (पुरावा म्हणून एक शोधनिबंधही तुम्ही जोडलाय), आणि शोषणाची अडचण दुधात मिरी घातली की संपते. आईंच्या गुडघ्यांसाठी कॅप्सूल सुरू केल्याचंही लिहिलंय. त्याबद्दल शेवटी.

पेशींवरचा परिणाम मी नाकारलेलाच नाही. जिवाणूच्या आवरणातला एलपीएस हा घटक मॅक्रोफेजला जाणवला की आयकेके एन्झाइम जागं होतं, एनएफ-कप्पा-बी हे जनुकं चालू करणारं प्रथिन केंद्रकात शिरतं आणि टीएनएफ-अल्फा, आयएल-६, नायट्रिक ऑक्साइड या दाह वाढवणाऱ्या पदार्थांचं उत्पादन सुरू होतं. कर्क्युमिन ही साखळी आयकेकेपाशी अडवतं. इथवर आपलं एकमत आहे.

माझा आक्षेप मात्रेला आहे. अशा प्रयोगांत पेशींना साधारण १० मायक्रोमोलर कर्क्युमिन देतात, म्हणजे लिटरला ३.७ मिलिग्रॅम. आता घरचा हिशोब करा. अर्धा चमचा हळद म्हणजे सुमारे दीड ग्रॅम. त्यात ३ टक्के कर्क्युमिन धरलं तर ४५ मिलिग्रॅम. उदार हाताने त्यातलं १ टक्का रक्तात पोचलं असं माना. ५ लिटर रक्तात ते पाव मायक्रोमोलरही भरत नाही. प्रयोगातल्या मात्रेच्या चाळिसाव्या हिश्शाइतकं. शिवाय आतडं आणि यकृत त्यातल्या बहुतेकाला ग्लुकुरोनाइडची (शरीराबाहेर टाकणं सोपं करणाऱ्या रेणूची) जोड देऊन टाकतात, त्यामुळे मोकळं कर्क्युमिन याहूनही कमी.

मिरीचं म्हणाल तर तिच्यातलं तिखट द्रव्य पायपरीन ही जोड लावण्याचं काम मंदावतं, हे बरोबर. 'वीसपट शोषण' हा आकडा १९९८ च्या बंगळुरूच्या अभ्यासातला. तिथे २ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पायपरीन दिलं होतं. मूळ पातळीच नगण्य, म्हणून वीसपट होऊनही ती १० मायक्रोमोलरच्या जवळपास गेली नाही. आणि २ ग्रॅम कर्क्युमिन हळदीतून घ्यायचं तर ६०-७० ग्रॅम पूड खावी लागेल. ती कोण खाणार?

आता तुम्ही जोडलेला निबंध. त्यात पेशींना आधी तासभर कर्क्युमिन दिलंय आणि मग एलपीएस. गुडघ्यातला दाह मात्र आधीच पेटलेला असतो, म्हणून एलपीएसनंतर कर्क्युमिन दिलेला गट हवा होता. तो नाही.

नायट्राइट (नायट्रिक ऑक्साइड किती तयार झालं हे दाखवणारं मोजमाप) कमी झालं, एवढ्यावरही थांबता येत नाही. पेशी मेल्या तरी नायट्राइट कमीच होतं, म्हणून पेशी जिवंत आहेत का हे पाहायला एमटीटी चाचणी करतात; जिवंत पेशी या रसायनाला जांभळा रंग आणतात. पण वनस्पतीतली पॉलिफेनॉल्स पेशी नसतानाही एमटीटीचा जांभळा रंग आणू शकतात. मग मेलेल्या पेशी जिवंत भासतात. यावर उपाय दोन: एमटीटी घालण्याआधी पेशी धुऊन घ्यायच्या, आणि प्रयोगाच्या प्लेटमधल्या, पेशी नसलेल्या खळग्यात नुसता अर्क व एमटीटी ठेवून पाहायचं. कर्क्युमिन विरघळवायला वापरतात तो द्रावक, डीएमएसओ, ०.१ टक्क्यावर जाऊ द्यायचा नाही आणि तेवढाच डीएमएसओ कंट्रोललाही, म्हणजे कर्क्युमिन न दिलेल्या गटालाही, द्यायचा. घरी काढलेल्या अर्कात एंडोटॉक्सिन (म्हणजेच एलपीएस) असेल तर तो स्वतःच पेशींना भडकवतो, आणि ते उकळून जात नाही. काचसामान २५० अंशांवर कोरडं तापवावं लागतं. मिरज-सांगलीतल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत सगळ्यात आधी हेच तपासावं.

आणखी एक गोष्ट. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या साठवणीच्या कोठारांत, हळकुंड वर्षानुवर्षं टिकायचं. प्रयोगशाळेत मात्र तसं नाही. सीरम (रक्तातला पेशीविरहित द्रव) नसलेल्या माध्यमात, ३७ अंशांवर, पीएच ७.२ ला शुद्ध कर्क्युमिनचा ९० टक्के भाग अर्ध्या तासात विघटित होतो. सीरम १० टक्के असेल तर तेच काही तास तग धरतं. त्यामुळे माध्यमात सीरम किती होतं हे न लिहिलेल्या निबंधातली '२४ तास उपचार' ही ओळ वाचून हसू येतं. प्रकाशातही ते बिघडतं, म्हणून नळ्या फॉइलमध्ये गुंडाळतात.

२०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मलाही आनंद आहे. पण ते मूळ आणि गुणवत्तेचं आहे, औषधाचा परवाना नव्हे.

आता आईंची कॅप्सूल. गुडघ्याच्या संधिवातावर काही छोट्या चाचण्यांत दुखणं थोडं कमी झालेलं दिसलंय, तेव्हा ती बंदच करा असं मी म्हणणार नाही. त्यात पायपरीन आहे का, ते मात्र वेष्टनावर बघा. ते फेनिटॉइन (फिट्सवरचं), थिओफिलिन (दम्यावरचं) यांसारख्या औषधांची रक्तातली पातळी वाढवतं. आई रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील किंवा पित्ताशयात खडे असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढची कॅप्सूल देऊ नका. जास्त शोषणाच्या अशा कॅप्सूलनंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले किंवा अन्नावरची वासना उडाली तर कॅप्सूल लगेच थांबवा आणि यकृताची तपासणी करून घ्या. भाजीतली हळद चालू ठेवायला काहीच हरकत नाही.