लक्ष्मी जाते की साखर?

"बसल्या बसल्या पाय हलवू नकोस, लक्ष्मी जाते" म्हणत आईने लहानपणी माझ्या गुडघ्यावर मोजून मापून चापट्या मारल्यात. आता तीच आई मालिका बघताना दोन्ही टाचा खालीवर करत बसलेली असते. कारण व्हॉट्सॲप! 'टाचा हलवा, शुगर ५२ टक्के उतरवा.'

आकडा खोटा नाही हो. २०२२ साली ह्यूस्टन विद्यापीठात मार्क हॅमिल्टन यांच्या चमूने पोटरीच्या आतल्या सोलियस स्नायूवर हा प्रयोग केला. बसायचं, चवडा टेकलेलाच ठेवून टाच उचलायची, सोडायची. ग्लुकोजचं पाणी प्यायल्यावर साखर जी उसळी मारते, ती ५२ टक्क्यांनी कमी झाली. पण ती माणसं पाणी प्यायल्यापासून तीन तास टाचा हलवत होती, तीही पोटरीला तारा लावून! आमच्या मातोश्री जाहिरात लागली की दहा मिनिटं हलवतात, मग "केलाय ना व्यायाम" म्हणून फिरायला दांडी आणि श्रीखंडाची दुसरी वाटी.

माझा व्यायामाला विरोध नाही. काम करणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर ओढतो, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्याने जेवणानंतर टाचा जरूर हलवाव्यात. राग याचा आहे की, पायाचा व्यायाम सगळ्यांना माहीत, पण पायाकडे बघत कोणीच नाही.

मागच्या श्रावणात फरशीवर रक्ताचे ठिपके दिसले. माग काढला तर आईच्या चपलेत टाचणी, पार तळव्यात रुतलेली. सकाळपासून ती तशीच घरभर फिरत होती. डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगून नायलॉनचा एक बारीक तंतू तळव्याला टेकवायला सुरुवात केली. थोड्या वेळाने आई म्हणते, "लावा की आता." तोवर त्यांचं चार ठिकाणी लावून झालं होतं.

मला तिथे घाम फुटला. पंधरा वर्षांची शुगर, गोळ्या वेळेवर, आणि तळव्याची जाणीव कधी गेली ते आम्हाला कळलंही नाही.

आता घरात मऊ चप्पल, घालण्याआधी झटकून. पाय शेकायला गरम पाण्याची पिशवी बंद. भोवरी घरी ब्लेडने कापणं तर मुळीच नाही. रात्री हातआरसा जमिनीवर ठेवून ती तळवे न्याहाळते, बोटांच्या बेचक्यांत मी टॉर्च मारते.

फिरणं सुरू झालंय. श्रीखंडावरून भांडण चालू आहे.