शेव म्हणे जंक फूड. इंदुरात!

कन्येच्या शाळेच्या डायरीत लाल शाईने लिहून आलंय. "डियर मम्मी, काइंडली अवॉइड जंक फूड इन टिफिन." आणि जंक फूड कोणतं, तर शेव. इंदुरात. पोह्यांवरची शेव.

पोहे जंक नाहीत बरं का, पोहे पास झाले. मटार घातलेले, दाणे घातलेले, वाफेवर ठेवलेले, वरून कोथिंबीर, लिंबाची फोड वेगळी. शेव मी पोह्यांवर घातलीही नव्हती, कारण मधल्या सुट्टीपर्यंत तिचा लगदा होतो हे इथल्या बालवाडीतल्या पोरालाही कळतं. म्हणून ती छोट्या स्टीलच्या डबीत, मोजून दोन चिमट्या. मॅडमनी ती डबी उचलली, तास संपेपर्यंत टेबलावर सगळ्यांना दिसेल अशी ठेवली आणि घरी सोडताना वर चिठ्ठी चिकटवून कन्येच्या हातात दिली. डायरीत शेरा तो वेगळाच. कन्या अख्ख्या बसप्रवासात ती डबी ओंजळीत धरून बसली होती, कारण तिला वाटलं दप्तरात टाकली तर अजून रागावतील. दारातच मला विचारते, "बाबा, शेव खाल्ली की काय होतं?"

काय सांगू? शेव नाही खाल्ली तर काय होतं ते सांगू शकतो. राजवाड्यापाशी सकाळी कुठल्याही ठेल्यावर बिनशेवेचे पोहे मागून बघा, पोहेवाला आधी तब्येतीची चौकशी करेल. जवळच्या रतलामच्या शेवेला जीआय टॅग आहे. सरकारी मान्यतेचा पदार्थ माझ्या पोरीच्या डबीत गुन्हेगार! (इंदुरात पोहे आणले कुणी, यावर आमच्या काकांचं स्वतंत्र व्याख्यान आहे. ते आज नको.)

तळलेली आहे, मान्य. रोज वाटीभर देत असतो तर चिठ्ठी डोक्याला लावून गप्प बसलो असतो. पण त्याच दिवशी, त्याच वर्गात, कुणाचा तरी वाढदिवस होता. त्याच मॅडमनी त्याच टेबलावरून क्रीमची पेस्ट्री वाटली, दोन-दोन टॉफ्या वाटल्या, वर रिटर्न गिफ्ट म्हणून वेफर्सचं पाकीट. माझ्या शेवेच्या डबीच्या शेजारून! 2025 मध्ये सीबीएसईने शाळांना कशात किती साखर ते दाखवणारं 'शुगर बोर्ड' लावायला सांगितलं, ते आमच्या शाळेने लावलंय. चमच्यांची चित्रं काढून, छान रंगीत. चार ते दहा वर्षांच्या मुलांच्या रोजच्या कॅलरींतल्या 13 टक्के साखरेतून येतात, मर्यादा 5 टक्क्यांची, असं त्या परिपत्रकातच म्हटलंय. त्या बोर्डाखाली उभी राहून पोरं बोटाचं क्रीम चाटतायत असा फोटो संध्याकाळी ग्रुपवर आला. खाली फुगे आणि 'सेलिब्रेशन टाइम'.

शाळेपासून 50 मीटरच्या आत जादा साखर-मीठ-चरबीचं काही विकायचं नाही, असाही 2020 चा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नियम आहे. फाटकाला टेकून गुलाबी 'बुढ्ढी के बाल'वाला उभा असतो. त्याला कुणी चिठ्ठी चिकटवत नाही.

आणि हे 'डियर मम्मी' काय आहे? मम्मी पिथमपूरला कारखान्यात आहे, तिची बस उजाडायच्या आत येते. डबा मी करतो. पहिलीपासून मीच करतोय, हे शाळेला लेखी कळवलंय, पालकसभेत तोंडी सांगितलंय. उत्तर काय? "ओ, सो स्वीट!" ग्रुपचं नाव 'थ्री-बी मॉम्स', त्यात रोज सकाळी 'हाय लेडीज'. मी आपला 'गुड मॉर्निंग' टाकून गप्प. एकदा मेथीचे पराठे मऊ कसे राहतात ते लिहिलं, तर कुणीतरी विचारलं, "भाभीजी से पूछकर बता रहे हैं ना?"

त्या ग्रुपवर मोर असतात. काकडीचा मोर, गाजराचं फूल, पोळीचा पांडा, त्याला मिऱ्याचे डोळे. सकाळी पावणेसातला कोण पोळीला डोळे लावतं? पोळी पोळीसारखी दिसली तर काय बिघडतं? आमच्या डब्यात आई तूप-साखर लावून पोळीची सुरळी द्यायची. आता तीच 'रोल' म्हणून दिली की खपते, पण टूथपिक खोचलेली हवी. टूथपिक टोकदार असते, म्हणून शाळेत चालत नाही. बसा!

शाळेचा तक्ता आहे. सोमवारी व्हेज सँडविच. मैद्याचा पांढरा ब्रेड चालतो, सॉस चालतो, त्या सॉसच्या बाटलीमागे बारीक अक्षरांत साखर कितव्या नंबरावर आहे ते कुणी वाचत नाही. मंगळवारी 'ग्रीन डे', म्हणून पालकाच्या पुऱ्या, तळलेल्या. तळण हिरवं असलं की हेल्दी. बुधवारी अंकुरित, त्यासाठी सोमवारी रात्रीच मूग भिजवायची आठवण ठेवायची. गुरुवारी पराठा. शुक्रवारी 'मम्माज् चॉइस'. पोहे शुक्रवारचेच होते. चॉइस मम्माची, बाबांची नाही, हे आता लक्षात आलं.

आणि एवढं करून खायला वेळ किती, तर पंधरा मिनिटं. त्यात हात धुवायची रांग. त्यात मॅडमची डबातपासणी. त्यात तो चार क्लिपांचा चार खणांचा डबा, जो तिला उघडत नाही, आणि उघडला तर लावता येत नाही, मग हिंदीच्या वहीवर लिंबाच्या लोणच्याचा नकाशा. स्टीलचा गोल डबा दिला तर "बाबा, तसा कुणीच नाही आणत न." चमचे जातात कुठे देव जाणे. शाळेच्या मैदानात खणलं तर अर्ध्या इंदूरचे चमचे निघतील.

पोरगी खाते काय, तर शेजारणीच्या डब्यातल्या नूडल्स. आमचा बिटाचा पराठा शेजारीण खात असती तरी समाधान होतं. तो सही-सलामत घरी येतो. मग ओल्या कचऱ्यात. सकाळी गाणं वाजवत कचऱ्याची गाडी येते, सहा प्रकारचा कचरा वेगळा करून आम्ही देतो, शहराचा स्वच्छतेत पहिला नंबर, आणि तो ओला कचरा जातो देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्लांटला. 2022 पासून रोज 550 टन क्षमतेचा. त्या गॅसवर सिटी बस धावतात. म्हणजे माझ्या पराठ्यांवर अख्खं शहर पळतंय, फक्त तिसरी ब चालत नाहीये.

मी मॅडमना उत्तर लिहिलं. चांगलं तीन पानी. शुगर बोर्ड, पेस्ट्री, 50 मीटर, बेसनातली प्रथिनं, होळकरांचा थोडा इतिहास. बायकोने रात्री वाचलं, हसून हसून तिला ठसका लागला, आणि तिने डायरीत लिहिलं, "नोटेड, थँक यू." खाली स्वतःची सही. "उद्या तुला नाही, तिला त्या वर्गात बसायचंय." आई आतून म्हणाली, "अरे, पण तुला शेवच मिळाली का द्यायला? चणे द्यायचे."

चणे! दोन बायका, एक शाळा आणि मी. तीन पानं पाकिटात घालून कपाटात ठेवलीत. बँकेत माझ्याकडे तक्रारी आणणारे पेन्शनर काका असंच लिहितात, आणि मी त्यांना पाठीमागे काय म्हणतो ते आठवलं. हे टंकताना शेजारी शेवेची बशी आहे, लौंगवाली. की-बोर्डमध्ये बेसन गेलंय आणि 'श' नीट उमटत नाहीये. डॉक्टरांनी मला तळलेलं बंद सांगितलंय, तो विषय वेगळा.

तर शनिवारी शाळेत 'हेल्दी टिफिन वर्कशॉप' आहे. फॉर्मवर रकाने, 'मदर्स नेम' आणि 'मदर्स मोबाइल'. दोन्हीकडे मी माझंच भरून पाठवलं. पाच मिनिटांत मॅडमचा मेसेज: "सर, प्लीज मॅम का नंबर सेंड कर दीजिए."