ओळ आठ निर्दोष आहे

पायथन ही प्रोग्रामिंगची सोपी भाषा आहे, असं नवशिक्याला जो तो सांगतो. माझीही तक्रार भाषेबद्दल नाही. छळ होतो तो तिच्या आजूबाजूला.

पहिला सापळा इन्स्टॉलरच्या पहिल्याच खिडकीत असतो. तळाशी ‘ॲड पायथन.ईएक्सई टू पाथ’ असा बारीक चौकोन असतो आणि त्यावर टिक नसते. ती न करता पुढे गेलात की कमांड प्रॉम्प्टवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत, ‘पायथन’ टाइप केल्यावर विंडोज तुम्हाला थेट मायक्रोसॉफ्टच्या दुकानात नेऊन उभं करतं. पायथन मशीनमध्येच असतं, पण त्याचा पत्ता कुणालाच माहीत नसतो. इन्स्टॉलर पुन्हा चालवा, ‘मॉडिफाय’ निवडा आणि पुढे येणाऱ्या ‘ॲड पायथन टू एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स’वर टिक करा.

मग व्हॉट्सॲपवर मित्राचा कोड येतो. तो आधी वर्डमध्ये टाकला असेल, तर साधी अवतरणचिन्हं देखणी, वळणदार झालेली असतात. पायथनला सौंदर्यदृष्टी नाही. ‘इनव्हॅलिड कॅरेक्टर’ म्हणून ते मोकळं होतं. ती चिन्हं स्वतः पुसून स्वतः टाइप करायची, दुसरा इलाज नाही.

सगळ्यात मनस्ताप देणारी गोष्ट म्हणजे ओळ क्रमांक. एरर सांगते, ओळ आठ. आपण ओळ आठ वाचतो, मोठ्याने वाचतो, पुसून तशीच्या तशी पुन्हा लिहितो. ओळ आठ निर्दोष असते. कंस उघडा राहिलेला असतो ओळ सातवर, आणि पायथन तो बंद होईल या आशेवर पुढे वाचत गेलेलं असतं. २०२१ मध्ये आलेल्या ३.१० आवृत्तीपासून ते ‘हा कंस बंदच झाला नाही’ असं नीट सांगतं, म्हणून जुनी आवृत्ती वापरू नका. लांबलचक ट्रेसबॅक, म्हणजे चूक कुठून कुठे पोचली त्याची यादी, आला तर खालून वर वाचा. ताजी भानगड शेवटी आहे, हे त्याच्या मथळ्यातच लिहिलेलं असतं; पण मथळा वाचतो कोण?

सरावाच्या फाइलला ‘रँडम.पीवाय’ हे नाव तर देऊच नका. ‘रँडम’ हे पायथनचंच यादृच्छिक आकडे देणारं तयार मॉड्यूल आहे आणि ‘रँडइंट’ हे त्यातलं फंक्शन. ते मॉड्यूल आणायला ‘इम्पोर्ट रँडम’ म्हटलं की पायथन आधी तुमच्याच फोल्डरात बघतं, फाइल स्वतःलाच इम्पोर्ट करते आणि वर ‘रँडइंट सापडत नाही’ म्हणून रडते.

एरर देणारी चूक तरी सज्जन म्हणायची. ‘इनपुट’ने, म्हणजे वापरणाऱ्याला विचारून, घेतलेलं सगळं मजकूर असतं. वय २० टाकून त्यात १ मिळवायला गेलात तर पायथन भांडतं, ते बरं. त्याच वयाला २ ने गुणलंत तर ते हूं की चूं न करता २०२० देतं. आकडा हवा असेल तर मजकुराचा पूर्णांक करणाऱ्या ‘इंट’मध्ये गुंडाळा. ०.१ अधिक ०.२ केल्यावर तीनानंतर १५ शून्यं आणि एक आगाऊ चार दिसतो, तो मात्र तुमचा दोष नाही. मशीन दशांश बायनरीत ठेवतं आणि ०.१ तिथे नेमका मावत नाही. पैशांचा हिशोब करायचा तर पैशांतच करा, रुपयांत नको.

देवनागरीची तर वेगळीच गंमत. कोडमध्ये थेट १२ असा देवनागरी आकडा लिहिला की पायथन हरकत घेतं. तोच आकडा अवतरणात ठेवून ‘इंट’ला दिला की निमूट स्वीकारतं. ‘क्षत्रिय’ची लांबी ते आठ सांगतं, कारण हलन्त, वेलांटी सगळं सुटंसुटं मोजतं. आणि ‘पुणे’ उलटं करायला सांगितलंत, तर सुरुवातीला निराधार मात्रा लोंबकळते आणि मागे ‘णुप’ उरतं. पुण्याला सरळ उलटं करणं पायथनलाही जमलेलं नाही.