चार्जर उपटून वीजबिल निम्मे होत नाही

गोव्यात चवथीचे, म्हणजे गणेश चतुर्थीचे पाहुणे परत जातात, गणपतीवर टांगलेली फळाफुलांची माटोळी उतरते, रोषणाईच्या माळा डब्यात जातात आणि मग त्या महिन्याचे वीजबिल हातात पडते. त्या सुमारास घरोघरीच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरू लागतो. त्याचा आशय असा : ‘वीजबिल निम्मे करा. मोबाइलचे चार्जर प्लगमधून काढा, तेच सर्वांत जास्त वीज खातात. रात्री फ्रीज बंद करा. एसी १६ वर लावा, खोली लवकर गार होते. पंखा हळू केला तरी वीज तेवढीच जाते, म्हणून तो बंदच ठेवा. गिझर दिवसभर चालू ठेवा, पुन्हा पुन्हा तापवायला जास्त वीज लागते. पॉवर सेव्हर लावा, ४० टक्के बचत होते. तरीही बिल जास्त आले तर मीटर पळतो आहे असे समजा.’

हा संदेश निरुपद्रवी असता तर त्याच्यावर एवढे लिहिले नसते. पण तो वाचून वयस्क माणसे मे महिन्याच्या उकाड्यात पंखा बंद करून घामाने निथळत बसतात. कुणीतरी हजार-दीड हजार रुपये खर्चून पॉवर सेव्हरची निरुपयोगी डबी विकत घेतो. आणि ज्या गोष्टीने बिल खरोखर वाढले, तिच्याकडे कुणाचे लक्षच जात नाही. म्हणून एकेक मुद्दा तपासू या.

त्याआधी हिशेबाची रीत. हजार वॅटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट झाले. म्हणजे दोनच गोष्टी पाहायच्या : किती वॅट आणि किती तास. उपकरणावर छापलेले वॅट नेहमी खरी सरासरी सांगत नाहीत, कारण फ्रीजचा कॉम्प्रेसर थांबत-थांबत चालतो आणि एसीही. अशा वेळी आपलाच मीटर कामाला येतो. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो तो आकडा मीटरवरच छापलेला असतो. समजा तो आकडा ३२०० आहे. घरातले बाकी सगळे बंद करून एकच उपकरण चालू ठेवा आणि मिनिटभर मोजा. दिवा १६ वेळा लुकलुकला तर तासाला ९६० वेळा, म्हणजे ०.३ युनिट. ते उपकरण त्या क्षणी ३०० वॅट ओढते आहे. यंत्र विकत आणायला नको, मनगटावरचे घड्याळ पुरे.

आता चार्जर. मोबाइल न लावता नुसता प्लगमध्ये राहिलेला आजचा चार्जर साधारण ०.२ वॅट किंवा त्याहूनही कमी ओढतो. महिनाभर चोवीस तास राहिला तरी ०.१४ युनिट. घरात असे पाच चार्जर असले तरी महिन्याला एक युनिटही भरत नाही. प्लग काढून ठेवण्यात वाईट काही नाही. पावसाळ्यात विजा कडाडू लागण्याआधी तर काढावाच. पण त्याने बिल निम्मे होणार नाही. त्याच भिंतीवर टीव्हीखाली बसलेला सेट-टॉप बॉक्स पाहा. रिमोटने टीव्ही बंद केला तरी तो बऱ्याचदा दहाएक वॅट ओढतच असतो. दिवसातले वीस तास तो असाच जागा राहिला तर महिन्याला सहा युनिटे. त्याचा मुख्य खटका रात्री बंद करण्याने जे वाचेल ते सगळ्या चार्जरांनी मिळून वाचणार नाही.

रात्री फ्रीज बंद करण्याचा सल्ला तर घातक आहे. फ्रीजच्या स्टार लेबलावर वर्षाची युनिटे छापलेली असतात. समजा ती २५० आहेत, म्हणजे दिवसाला ०.७ युनिटाच्या आसपास. आठ तास बंद ठेवून जास्तीत जास्त पाव युनिट वाचेल असे वाटते, पण तेही पुरते वाचत नाही, कारण सकाळी कॉम्प्रेसरला आतली सगळी ऊब पुन्हा बाहेर काढावी लागते. आणि मध्यंतरी आतल्या बांगड्यांचे, दुधाचे, कालच्या आमटीचे काय होते? पाच अंशांच्या वर गेले की जंतू झपाट्याने वाढतात. आपल्या दमट हवेत हा धोका घेऊच नये. फ्रीजवर वीज वाचवायचीच असेल तर दाराच्या रबराकडे पाहा. पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते, ते कडक होते आणि फटीतून गारवा निसटत राहतो. दारात कागद अडकवून ओढून बघा. सहज निघाला तर रबर बदलायला झाले. फ्रीज भिंतीला चिकटवून ठेवू नका, मागे हवा खेळू द्या. जुन्या पद्धतीच्या फ्रीजमध्ये बर्फाचा थर चढला असेल तर तो वितळवा. गरम भांडे आत घालायची घाई करू नका.

एसीबद्दलचा गैरसमज सुशिक्षितांमध्येही घट्ट आहे. रिमोटवरचा आकडा गारव्याचा वेग ठरवत नाही, कुठे थांबायचे ते सांगतो. साधा एसी चालू असतो तेव्हा पूर्ण ताकदीनेच चालतो, मग आकडा १६ असो वा २५. इन्व्हर्टर एसीही सुरुवातीला जोर लावतोच. फरक नंतर पडतो. २५ लावले तर तो लवकरच मंदावतो, १६ लावले तर रात्रभर धापा टाकत राहतो आणि आपण मात्र गोधडीत शिरतो. तापमान एका अंशाने वाढवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते असे केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे सांगणे आहे, आणि १ जानेवारी २०२० पासून नवे एसी २४ अंशांवरच लावून येतात ते त्यामुळेच. गोव्यात आपल्याला छळतो तो बराचसा दमटपणा. २६ वर एसी आणि वर हळू फिरणारा पंखा ही जोडी इथे उत्तम चालते. एसीच्या लेबलावरची वार्षिक युनिटे १६०० तासांच्या वापरावर धरलेली असतात, म्हणून त्या आकड्याला १६०० ने भागा : ८०० असेल तर तासाला सरासरी अर्धा युनिट. आपल्या रात्रींच्या तासांनी गुणले की बिलातला एसीचा वाटा साधारण कळतो.

पंख्याबद्दलच्या वाक्यात अर्धे सत्य आहे, तेही जुने. पूर्वीचे मोठ्या डबीचे रेग्युलेटर वीज उष्णतेत घालवायचे, त्यामुळे पंखा हळू करून फारसे वाचत नसे. आताच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरने वेग कमी केला की वीजही खरोखर कमी लागते. पण माझा राग वेगळ्या कारणाने आहे. साधा पंखा ७५ वॅटचा धरला तर आठ तासांच्या रात्रीला ०.६ युनिट. एवढ्यासाठी म्हाताऱ्या माणसाची झोप मोडायची? उन्हाळ्यात पंखा ही चैन नव्हे, तब्येतीची गरज आहे. बदलायचेच असेल तर पंखा बंद करण्याऐवजी बीएलडीसी, म्हणजे कमी वीज घेणाऱ्या ब्रशलेस मोटरचा पंखा लावा. तो पूर्ण वेगातही साधारण तीस वॅट घेतो, म्हणजे तेवढ्याच रात्रीला पाव युनिट. जिथे पंखा दिवसाचे पंधरा-वीस तास फिरतो त्या खोलीपासून सुरुवात करा.

गिझरकडे मात्र थोडे थांबू या, कारण इथे खरी युनिटे आहेत. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला ४.२ किलोज्यूल लागतात आणि एका युनिटात ३६०० किलोज्यूल असतात. आपल्याकडे नळाचे पाणी थंडीचे थोडे दिवस सोडले तर साधारण २७ अंशांचे असते. आंघोळीला वीस लिटरची बादली ४० अंशांवर हवी असेल तर १३ अंश चढवायचे : सुमारे ०.३ युनिट. चार माणसे, महिनाभर, म्हणजे ३६ युनिटे. पाणी गिझरने तापवा वा बादलीत रॉड टाकून, ही उष्णता तेवढीच लागते. ‘रॉडला कमी वीज लागते’ हे म्हणून खरे नाही, आणि ओल्या न्हाणीघरात रॉड ही जिवाशी गाठ आहे. शॉवर पाचच मिनिटे घेतला तरी सहज चाळीस लिटर जातात, म्हणजे खर्च दुप्पट.

आता दिवसभर चालू ठेवण्याचा सल्ला. टाकीतले पाणी भोवतालच्या हवेपेक्षा जितके गरम, तितकी उष्णता बाहेर झिरपते, आणि गिझर ती अधूनमधून भरून काढत राहतो. थंड होऊ दिले की झिरपणेही थांबते. पुन्हा तापवायला लागणारी वीज ही झिरपलेल्या उष्णतेपेक्षा कधीच जास्त नसते. साठवणीच्या गिझरच्या लेबलावर २४ तासांचे हे नुकसान छापलेले असते. ते वाचा आणि तीसने गुणा. २५ लिटरचा, २००० वॅटचा गिझर २७ अंशांचे पाणी ६० पर्यंत अर्ध्या तासात नेतो, म्हणून आंघोळीआधी लावावा आणि बंद करावा. जुन्या घरांत न्हाणीत भाण, म्हणजे चुलीवर पाणी तापवायचे मोठे भांडे असायचे, तिथेही दिवसभर कुणी जाळ ठेवत नसे. जागा असेल तर गच्चीवरचा सौर हीटर पावसाळा वगळता वर्षातला बराच काळ हे काम फुकट करतो.

संदेशात ज्याचा उल्लेखच नाही ते उपकरण म्हणजे विहिरीवरचा पंप. सत्तरी, फोंडा, पेडणे या भागांत कितीतरी घरांना तो आहे. एक अश्वशक्तीचा पंप प्रत्यक्षात हजार वॅटच्या आसपास ओढतो. टाकी भरून वाहते आहे आणि पंप अर्धा तास तसाच राहिला, तर अर्धा युनिट अंगणात गेला : एका चार्जरचे साडेतीन महिने. विहिरीतल्या पाइपाच्या टोकाची झडप, म्हणजे फूट व्हॉल्व्ह गळत असेल तर पंपातले पाणी उतरते, तो कोरडा फिरतो, पाणी उशिरा चढते. टाकीला तरंगता खटका बसवणे आणि व्हॉल्व्ह दुरुस्त करणे, याचा परिणाम पुढच्याच बिलात दिसू शकतो.

आणि ही बचत दिसते त्याहून मोलाची असते, कारण गोव्यात घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात : पहिली शंभर युनिटे सर्वांत स्वस्त, मग दोनशे, तीनशे, चारशेपर्यंतचे टप्पे आणि त्यापुढचा सर्वांत महाग. ३३० युनिटे वापरणाऱ्या घराने ४० वाचवली तर त्यातली ३० वरच्या, महाग टप्प्यातून कमी होतात. म्हणून बिलाला युनिटांनी भागून आलेला सरासरी दर धरू नका. आपली शेवटची युनिटे ज्या टप्प्यात पडतात त्याचा दर धरा.

राहिली पॉवर सेव्हरची डबी. तिच्यात बहुधा एक कपॅसिटर आणि एक चमकणारा दिवा असतो. कपॅसिटरने पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणाऱ्या विजेचे प्रमाण, सुधारतो हे खरे, आणि कारखान्यांना त्याचा उपयोग होतो. पण आपल्या घरगुती बिलाची आकारणी प्रत्यक्ष वापरलेल्या युनिटांवर होते, पॉवर फॅक्टरवर नाही. त्यामुळे डबी लावून बिल घटत नाही. तिचा दिवा जळतो तेवढी भरच पडते. विश्वास नसेल तर फक्त पंखा चालू ठेवून, डबीसह आणि डबीशिवाय, मीटरचे लुकलुकणे मोजा.

मीटर पळतो हा आरोपही असाच तपासता येतो. घरातली सगळी उपकरणे बंद करा, प्लग काढा, इन्व्हर्टर असेल तर तोही. मग मीटरचा दिवा पाहा. तो लुकलुकत राहिला, तर आधी मीटरवर संशय घेऊ नका. मीटरजवळच्या पेटीतला एकेक खटका, म्हणजे एमसीबी, खाली करत जा आणि कुठला खाली केल्यावर लुकलुकणे थांबते ते पाहा. जुन्या कौलारू घरांत भिंतीतून ओल उतरते, वायरींचे आवरण कुजते, अंगणातून पंपापर्यंत गेलेली केबल कुठेतरी उघडी पडते आणि वीज जमिनीत झिरपते. हे नुकसान बिलाचे आहे, पण त्याआधी जिवाचे आहे. परवानाधारक वायरमनला त्याच दिवशी बोलवा आणि घरात आरसीसीबी, म्हणजे वीज झिरपताच पुरवठा तोडणारा खटका, नसेल तर बसवून घ्या. सगळे एमसीबी खाली असतानाही दिवा लुकलुकत असेल, किंवा माहीत असलेल्या वॅटचे उपकरण लावून मोजलेला आकडा स्पष्ट जुळत नसेल, तर वीज खात्याच्या आपल्या उपविभागात मीटर तपासणीसाठी लेखी अर्ज द्या आणि मोजलेले आकडे त्याला जोडा.