एक कोयता म्हणजे किती माणसं?

ऊसतोडीच्या हिशेबात कोयता हे हत्यार कमी आणि मोजमाप जास्त. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी असला तर अर्धा. उचल, म्हणजे हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, कोयत्यावर मिळते, टोळी कोयत्यावर मोजतात, वाटणी कोयत्यावर होते. बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, धारूर, वडवणी, केज या बालाघाटाच्या पट्ट्यातून दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात आणि कोल्हापूर, सांगली, सोलापूर, पार बेळगावपर्यंत पांगतात. त्यांच्याबद्दल एकच बातमी नेमाने छापून येते, दर किती वाढला याची. दर महत्त्वाचा आहेच. पण त्या दराने झालेले पैसे कुणाच्या नावावर लागतात हे कुणी विचारत नाही, आणि गळती तिथूनच सुरू होते.

आधी दरच बघू. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ ठरली. टनाला साधारण २७३ रुपये होते ते ३६६ झाले. टोळी जमवणाऱ्या मुकादमाचं कमिशन एक टक्क्याने वाढून २० टक्के झालं. करार तीन हंगामांचा, म्हणजे २०२५-२६ पर्यंत. चौतीस टक्के ऐकायला दणदणीत वाटतं. आता फडात, म्हणजे तोडणीच्या उसाच्या रानात, उतरा. बरा ऊस असेल तर एक कोयता दिवसाला दीड ते दोन टन तोडतो. पहाटे अंधारात सुरुवात, आणि गाडी भरून निघेपर्यंत सुट्टी नाही. म्हणजे बारा-चौदा तास. दोन टनांचे ७३२ रुपये, माणशी ३६६. दीड टनच झाला तर ५४९, माणशी पावणेतीनशेच्या आत. रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ साठी ३१२ रुपये होती. मग लोक जातात कशाला? कारण रोजगार हमी आषाढात हातावर लाखभर रुपये ठेवत नाही. मुकादम ठेवतो. लग्न, दवाखाना, सोयाबीन गेलं, बोअरला पाणी लागलं नाही, यातलं काहीही एक झालं की उचल घेतलीच जाते. माणूस मजुरीला बांधला जातो तो तिथे, ऊस अजून पुरता वाढलाही नसतो.

आणि "बरा ऊस" हे दोन शब्द सोडून पुढे जाऊ नका. दर टनावर आहे, कष्टावर नाही. आडसाली लागणीचा, म्हणजे पावसाळ्यात लावून दीड वर्ष वाढवलेला, जाड, उभा ऊस पटापट वजन देतो. खोडव्याचा, म्हणजे तोडलेल्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला, बारीक ऊस तेवढ्याच वजनाला कितीतरी जास्त कोयते मारायला लावतो. वाऱ्याने लोळलेला ऊस तर आधी सोडवावा लागतो, मग तोडायचा. तिन्हीला भाव तोच. हार्वेस्टर आल्यापासून हे आणखी बिघडलं. यंत्राला चार-पाच फुटांची रुंद सरी, मोठा सलग तुकडा आणि कोरडी जमीन लागते. असे फड यंत्र उचलतं. लहान तुकडे, ओली रानं, आडवा पडलेला ऊस कोयत्याच्या वाट्याला येतो. यंत्रामुळे काम गेलं अशी ओरड होते. माझ्या मते त्याआधीचं दुखणं वेगळं आहे: काम उरलंय, पण उरलंय ते अवघड, आणि दर सोप्या कामाचा.

दुसरा आकडा दिवसांचा, तो तर चर्चेत येतच नाही. २०२४-२५ चा हंगाम विधानसभा निवडणुकीमुळे नोव्हेंबरच्या मध्यावर सुरू झाला. ऊसही कमी होता. बरेच कारखाने फेब्रुवारी-मार्चमध्येच आटोपले. राज्याचं साखर उत्पादन आदल्या वर्षी ११० लाख टनांच्या आसपास होतं ते ८० लाखांच्या घरात आलं. आता गणित मांडा. एका कोयत्याने एक लाख उचल घेतली. १२० दिवस, रोज दोन टन, म्हणजे २४० टन, ८७,८४० रुपये. सगळं सुरळीत होऊनही १२ हजार बाकी. हंगाम ९० दिवसांचा आणि सरासरी पावणेदोन टनांची झाली, तर १५७.५ टन, ५७,६४५ रुपये. ४२ हजारांहून जास्त बाकी अंगावर. यात दर आठवड्याची खर्ची, म्हणजे घरखर्चाला मिळणारे पैसे, अजून धरलेलीच नाही, तीही उचलीतच चढते. वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, चाऱ्याला विकून येणाऱ्या सुट्या पैशांवर मीठ-मिरची चालते म्हणून खर्ची थोडी आटोक्यात राहते, एवढंच. उरलेली बाकी पुढच्या वर्षीच्या उचलीत जाते, आणि त्या मुकादमाला सोडून दुसरीकडे जायची सोय राहत नाही. १९७६ चा वेठबिगारीविरोधी कायदा नेमक्या अशाच कर्जासाठी आहे. कर्ज वेठबिगारीचं नाही हे सिद्ध करायचं ओझं त्याने पैसे देणाऱ्यावर टाकलंय, पण कर्ज किती, फेड किती याचा कागद मजुराकडे नसतो. कागद असतो मुकादमाकडे, सही-अंगठ्याचा स्टॅम्प पेपर. मजुराकडे आठवण.

आता कोयत्याकडे परत. फडात साधारण गडी बुडातून तोडतो आणि बाई पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, काढते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवते. दोन टन म्हणजे वीस किलोच्या शंभर मोळ्या. स्वयंपाक, पाणी, कोपीतलं, म्हणजे झोपडीतलं, लेकरू वेगळं. यातला एक रुपया तिच्या नावावर लागत नाही, कारण वहीत नाव गड्याचं. आणि दोघांपैकी एक बसला तर खाडा, म्हणजे गैरहजेरी, अख्ख्या कोयत्याचा. मजुरी तर जातेच, वर दिवसाला ५०० रुपये दंड, कुठे त्याहून जास्त. पाळीच्या चार दिवसांत विसावा घ्यायचा तर त्याची किंमत ही.

२०१९ साली बीडच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा विषय गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या समितीसमोर जे सर्वेक्षण आलं त्यात ८२ हजारांहून जास्त ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. दर सहा जणींमागे एक. त्यानंतर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट आली, ती योग्यच. पण परवानगी हे दवाखान्याच्या दारावरचं कुलूप झालं. बाई त्या दारापर्यंत का जाते याचं उत्तर खाड्यात, डोक्यावरच्या ओझ्यात, अंग बाहेर येण्याच्या दुखण्यात आणि फडावर संडास-पाणी नसण्यात आहे. बालविवाहाचंही तसंच. बीडमध्ये २० ते २४ वयाच्या सुमारे ४४ टक्के स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली, राज्यात हेच प्रमाण २२ टक्के. गरिबी, भीती, मुलीला मागे कुणाजवळ ठेवायचं ही चिंता, हे सगळं आहे. पण अर्ध्या कोयत्याला निम्मी उचल आणि पुऱ्याला पूर्ण, हा हिशेबही लग्न जमवतो, हे बोलायला आपण कचरतो.

मुकादमाला एकटं खलनायक करूनही भागत नाही. कारखाना वाहतूकदाराशी करार करतो, वाहतूकदार कर्ज काढून मुकादमाला पैसे देतो, मुकादम टोळीला. वरच्या टोकाला छापील करार, खालच्या टोकाला तोंडी शब्द. दोन मुकादमांची उचल घेऊन गायब होणारे मजूर आहेत, टोळी न आल्याने बुडालेले ट्रॅक्टरवालेही आहेत. त्या वसुलीतूनच डांबून ठेवण्याचे, मारहाणीचे प्रकार घडतात. तोंडी व्यवहारात दोन्हीकडच्या लबाडीला जागा असते, आणि मार शेवटच्या माणसाला बसतो.

वजनाचंही तसंच. गाडी काट्यावर जाते तेव्हा टोळी दुसऱ्या फडात असते किंवा कोपीत झोपलेली असते. रांगेत थांबलेला ऊस वाळतो, वजन घटतं, ती घट मजुराच्याच खात्यात. पावती वाहतूकदाराकडे जाते. शेतकऱ्याला मात्र बऱ्याच कारखान्यांकडून वजनाचा मेसेज येतो. तोच मेसेज टोळीतल्या कोयत्यांना पाठवायला किती खर्च येईल?

तोवर टोळीने स्वतः करता येण्यासारखं थोडं आहे. एक वही, आणि सहीपुरतं न शिकलेला, नीट लिहिता येणारा एक जण. रोज तारीख, शेतकऱ्याचं गाव, गाडी नंबर, पावती नंबर, वजन, त्या दिवशी हजर कोयते आणि घेतलेली खर्ची. आठवड्याला मुकादमासमोर बेरीज वाचायची, त्याची सही घ्यायची. स्टॅम्प पेपरवर अंगठा देण्याआधी रक्कम भरलेली आहे ना बघायचं आणि त्याचा फोटो काढायचा. कोरा चेक कुणालाच द्यायचा नाही. उचल रोख न घेता खात्यावर घ्यायची, निम्मी नवऱ्याच्या, निम्मी बायकोच्या. निघण्यापूर्वी रेशनकार्डाची ई-केवायसी उरकायची, म्हणजे तिकडच्या दुकानात धान्य मिळतं. ऊसतोड कामगार ओळखपत्राची नोंद ग्रामसेवकाकडे दोघांचीही करून घ्यायची. बहुतेक घरांत फक्त गड्याची होते, आणि बाईला फडात साप चावला की ती मजूर होती हे सिद्ध करत बसावं लागतं.

गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे दहा रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारने, असं ठरलेलं आहे. संत भगवानबाबा यांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं मंजूर आहेत. पोरं मागे राहिली तर शाळा सुटत नाही, त्यामुळे या वसतिगृहांचा उपयोग दरवाढीपेक्षा कमी धरू नये. मात्र ती दिवाळीआधी सुरू असायला हवीत. जानेवारीत प्रवेश देऊन काय उपयोग? पोरगं तोवर फडात पाचट ओढत असतं.

पुढच्या कराराच्या वेळी दर ४०० हवा की ५००, यावर रात्र-रात्र बैठका होतील. व्हाव्यात. सोबत चार मागण्या टेबलावर ठेवा: खोडव्याला आणि लोळलेल्या उसाला वेगळा दर, हंगाम ठरल्यापेक्षा आधी आटोपला तर त्या दिवसांची उचलीतून सूट, खाड्याचा दंड बंद, आणि हजेरीच्या वहीत प्रत्येक कोयत्यापुढे दोन रकाने. एकात त्याचं नाव आणि खाते नंबर, दुसऱ्यात तिचं.